आवाज कुणाचा?

2 नोव्हेंबर 2025 च्या मध्यरात्रीच्या सुमारास नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौरने मागे धावत जाऊन नादिन डी क्लर्कचा झेल घेतला आणि भारतीय महिला संघ जगज्जेता झाला. त्या क्षणी आमच्या घरातल्या टीव्हीचा आवाज बंद होता. सामना सुरू होऊन दहा-बारा षटके होत नाहीत तोच आत्याने रिमोट हातात घेतला होता. आत्या सांगलीची, म्हणजे स्मृती मानधनाच्या गावची. त्या दिवशी ती नुसती सामना बघायला आलेली नव्हती, घरचे कार्य असल्यासारखी आली होती. "किती बोलतात रे ही माणसं," एवढेच ती म्हणाली आणि आवाज बंद केला. पुढच्या कित्येक तासांत घरातल्या एकानेही तो पुन्हा सुरू करायला सांगितले नाही. झेल पकडला गेला तेव्हा आरडाओरडा ऐकू आला तो खालच्या मजल्यावरून आणि समोरच्या इमारतीतून. मैदान गर्जत होते ते फक्त दिसत होते.

ते मला फार लागले. एवढ्या मोठ्या क्षणाचा आवाज आम्ही आपण होऊन बंद करून ठेवला होता, कारण मैदानाची गर्जना ऐकायची तर तिच्यासोबत अखंड बडबडही ऐकावी लागते. हा लेख त्या रात्रीतून आला आहे.

प्रक्षेपणाबद्दल क्रीडारसिकांचे मत गेल्या चार दशकांत कसे पालटत गेले, हे बहुतेकांनी आपापल्या दिवाणखान्यातच अनुभवले आहे. 1983 मध्ये दूरदर्शनने विश्वचषकाचा लॉर्ड्सवरचा अंतिम सामना दाखवला तेव्हा चित्र दिसते आहे, हीच मोठी गोष्ट होती. तक्रार करण्याचे कुणाच्या मनातही आले नाही. नव्वदच्या दशकात केबल आली आणि वाहिनीमालक केरी पॅकरने 1977 पासून ऑस्ट्रेलियात जे घडवले होते, ते आपल्या घरात पोचले: दोन्ही टोकांना कॅमेरे, संथ पुनर्दर्शन, रिची बेनॉ यांचा तोलून-मापून बोलणारा आवाज. तेव्हाचा प्रेक्षक हरखून गेला होता. आज तोच प्रेक्षक, आणि त्याची मुलेही, आवाज बंद करून सामना बघतात.

आवाज बंद करणे महाराष्ट्राला नवे नाही. टीव्हीचा आवाज घालवून शेजारी रेडिओ लावायचा, हा अनेक घरांतला रिवाज होता. पण तेव्हा एक आवाज घालवला जाई तो दुसरा, अधिक जाणता आवाज ऐकण्यासाठी. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकलेला माणूस यष्टीरक्षक, पायचीत, निर्धाव षटक हे शब्द शाळेत शिकला नाही, कानाने शिकला. रेडिओचा समालोचक श्रोत्याचे डोळे होता. टीव्हीवर डोळे प्रेक्षकाचे स्वतःचे असतात. मग समालोचकाने काय करायचे? बेनॉ यांचे उत्तर साधे होते: चित्रात जे दिसते त्यात भर घालता येत असेल तर बोला, नाहीतर गप्प राहा. यापेक्षा शहाणे उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

चित्राबद्दल माझी तक्रार नाही. इंग्लंडमध्ये 2001 साली आलेल्या, चेंडूचा मार्ग दाखवणाऱ्या हॉक-आयपासून तारांवर फिरणाऱ्या कॅमेऱ्यापर्यंत जे जे आले, त्याने क्रिकेट अधिक कळू लागले. गोलंदाजाच्या बोटांतून सुटताना शिवण कशी उभी राहते, हे आज शाळकरी पोरही सांगते. स्टुडिओतल्या गप्पांचे कार्यक्रम, हिंदी समालोचनातली यमके आणि फोनवर फिरवून बघायचे 360 अंशांचे कॅमेरे यांच्याबद्दल एवढेच म्हणतो की ते नसते तर खेळाचे काहीही अडले नसते.

मला थांबायचे आहे ते कबड्डीपाशी. माझ्या मते भारतीय क्रीडा प्रक्षेपणातले सर्वांत मोलाचे काम क्रिकेटमध्ये झालेलेच नाही, ते 26 जुलै 2014 रोजी वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये सुरू झाले. प्रो कबड्डीचा पहिला सामना: यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स. लालबाग-परळच्या मंडळांच्या पटांगणात, कोकणातल्या जत्रांत, कोल्हापूर-सांगलीकडच्या मातीत जो खेळ आम्ही दोरीला टेकून बघितला होता, तो टीव्हीवर कसा दिसेल याची मला धास्ती होती. दोरीजवळ उभ्या माणसाला चढाईवीराची पाठ दिसते, पकड दिसते, सातजणांच्या साखळीची हालचाल मात्र अर्धीच दिसते. वरच्या कॅमेऱ्याने ती साखळी पहिल्यांदा पूर्ण दाखवली. कोपरारक्षक कधी आत सरकतो, मध्यरक्षक चढाईवीराला कसा आत ओढून घेतो, हे वरून पाहताना कळते की हा खेळ ताकदीपेक्षा भूमितीचा आहे. 30 सेकंदांचे घड्याळ पडद्यावर धावू लागले. दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण आणलाच पाहिजे, या नियमाने वेळकाढूपणाची वाट बंद झाली. बोनस रेषेपलीकडे टेकलेला अंगठा, मागचा पाय हवेत आहे की नाही, निदान रेषा ओलांडली की नाही, या पंचांशी भांडण्याच्या गोष्टी घरबसल्या स्पष्ट दिसू लागल्या. यू मुंबाच्या अनुप कुमारची शांत, जवळजवळ आळशी वाटणारी चढाई आणि तिच्यातून निघणारा बोनस, हे तर संथ चित्रणाशिवाय कळलेच नसते. ज्या आजीला क्रिकेटमधला पायचीत आयुष्यभर कळला नाही, ती लोण पडायला किती गडी उरले ते मोजू लागली. प्रक्षेपणाने प्रेक्षक घडवला तो असा.

पण त्याच प्रक्षेपणाने एक गोष्ट घालवली: दम. कबड्डीत चढाईवीराचा दम हा खेळाचा प्राण आहे. तो घुमतो, मंदावतो, झटापटीत तुटायला येतो. पटांगणातली गर्दी अर्धा खेळ कानांनीच बघते. टीव्हीवर संगीत, घोषणा आणि तीन समालोचकांच्या ओरडण्याखाली दम ऐकूच येत नाही. खो-खोत तर हे आणखी खटकते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले. एकाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दुसऱ्याची प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. अभिमानाने ऊर भरून आला. पण 'खो' हा शब्द उच्चारल्याशिवाय खो दिला जात नाही, हा खेळाचा नियम आहे. उच्चारलेला शब्द हीच ज्या खेळातली चाल आहे, त्याच्या प्रक्षेपणात तो शब्द झाकायचा म्हणजे बुद्धिबळ दाखवताना पटावर कापड टाकण्यासारखे आहे.

क्रिकेट तरी वेगळे कुठे आहे? चेंडू बॅटला लागला की नाही, हे आज तिसरा पंच आवाजावरून ठरवतो. यष्ट्यांतल्या माईकने पकडलेली एक बारीकशी रेघ पडद्यावर उमटते आणि फलंदाज बाद होतो. ज्या खेळात बाद-नाबाद आवाज ठरवतो, त्या खेळाचा आवाज उरलेला वेळ प्रेक्षकाला ऐकू दिला जात नाही.

मी समालोचनाच्या विरुद्ध नाही. 2 एप्रिल 2011 च्या रात्री वानखेडेवरच्या, विश्वचषक जिंकून देणाऱ्या अखेरच्या षटकाराला रवी शास्त्रींनी जे शब्द दिले, ते कित्येकांना पाठ आहेत आणि त्या शब्दांशिवाय तो षटकार आता आठवतच नाही. त्याच मैदानावर 16 नोव्हेंबर 2013 रोजी सचिन तेंडुलकर निरोपाचे जवळपास 20 मिनिटे बोलला. तिथे समालोचनाची गरज नव्हती, आणि अख्खा देश जागचा हलला नाही. नेमका शब्द आणि नेमके मौन, दोन्ही आपल्याला येते.

2023 मध्ये आयपीएल फोनवर 12 भाषांत आली, त्यात मराठी होती. मला मनापासून आनंद झाला. केदार जाधव मराठी समालोचन करत होता आणि मे महिन्यात तिथूनच बंगळूरच्या संघात गेला; खेळाच्या इतक्या जवळचा माणूस आपल्या भाषेत बोलतो आहे, हे सुख मराठी प्रेक्षकाला टीव्हीच्या काळात क्वचितच मिळाले होते. रणजी खेळलेला माणूस 'चेंडू थांबून येतोय' म्हणतो तेव्हा त्या तीन शब्दांत खेळपट्टीचा सगळा स्वभाव येतो. पण असे क्षण थोडे. बाकीचा वेळ हिंदीतली थट्टा मराठी क्रियापदे लावून ऐकवली जाते. भाषा बदलली, काम तेच राहिले.

ते काम कोणते, हे पैशावरून कळते. 2023 ते 2027 च्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. तेव्हा धरलेल्या 410 सामन्यांच्या हिशेबाने एका सामन्याला 118 कोटी, एका चेंडूला सुमारे 49 लाख. एवढे मोजणाऱ्याला दोन चेंडूंमधली शांतता परवडत नाही. म्हणून षटक संपायच्या आत जाहिरात येते, चित्र आखडून कोपऱ्यात जाते आणि समालोचकाला षटकारासोबत प्रायोजकाचे नाव घ्यावे लागते. पण माझे भांडण जाहिरातीशी नाही. खर्च कुठून तरी निघायला हवा. भांडण आहे ते समालोचक कुणाचा माणूस आहे, याच्याशी.

भारतातल्या द्विपक्षीय सामन्यांचे आणि आयपीएलचे चित्रण भारतीय क्रिकेट मंडळ स्वतः करते आणि मुख्य प्रक्षेपणाचे समालोचकही तेच नेमते. 2013 मध्ये इयन चॅपेल यांनी हे काम नाकारले, कारण संघनिवड, मंडळाचा कारभार आणि पंचनिर्णयांची फेरतपासणी यांवर बोलायचे नाही, अशी अट होती. 2016 च्या आयपीएलमधून हर्षा भोगले दिसेनासे झाले, 2020 मध्ये संजय मांजरेकर यांना मंडळाच्या पथकातून वगळले. प्रेक्षकाला त्याचे कारण देण्याची गरज मंडळाला वाटली नाही. इंग्लंडमध्ये समालोचक वाहिनीचे असतात. नासिर हुसेन आणि माइक अॅथर्टन आपल्याच मंडळावर उघड टीका करतात. 8 जुलै 2020 रोजी साउदम्प्टनला पावसाने खेळ थांबला, तेव्हा तिथल्या वाहिनीने आपले समालोचक मायकेल होल्डिंग आणि एबनी रेनफर्ड-ब्रेंट यांना वर्णद्वेषावर बोलू दिले. होल्डिंग शिक्षणाबद्दल, इतिहासाबद्दल बोलले आणि क्रिकेटचा तो पावसाचा तास जगभर पाहिला गेला. आपल्याकडे पाऊस आला की जुने सामने लागतात.

समालोचन हा शब्दच बघा: आलोचन म्हणजे पारखून पाहणे. पारखण्याची मुभा नसलेला माणूस समालोचक नव्हे, तो मंडळाचा निवेदक आहे. 1 एप्रिल 2024 रोजी वानखेडेवर हार्दिक पंड्याची हुर्यो उडाली. रोहित शर्माकडून मुंबई इंडियन्सचे कर्णधारपद काढून त्याला दिले, याचा तो राग होता. मलाही आपल्याच खेळाडूची हुर्यो आवडत नाही. पण नाणेफेकीच्या वेळी माईक हातात असलेल्या मांजरेकरांनी प्रेक्षकांनाच नीट वागायला सांगितले, आणि तेही चार वर्षांपूर्वी स्वतः मंडळाने गप्प केलेल्या माणसाने. मुंबईचा प्रेक्षक जे बोलत होता त्याचा अर्थ सांगणे हे समालोचकाचे काम होते, त्याला दटावणे नव्हे. वानखेडेने त्या दिवशी समालोचन केले होते. माईकने ते केले नाही.

9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी क्रिकेट प्रक्षेपणाच्याच खटल्यात निकाल दिला की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर सरकारची किंवा खाजगी मालकाची मक्तेदारी असू नये. एका मराठी न्यायाधीशाने दिलेला तो निकाल तीस वर्षांनी आपण पार विसरलो आहोत. सरकारची मक्तेदारी गेली, मंडळाची आली.

पुण्यात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा?' असे विचारले की उत्तर प्रेक्षागृहातून येते. खेळातही ते तिथूनच यायला हवे. मंडळाला आणि वाहिन्यांना माझे सांगणे आहे: समालोचकांना निवडीवर आणि कारभारावर बोलू द्या, आणि पुढच्या हंगामापासून टीव्हीवर व फोनवर, प्रत्येक सामन्याला, प्रत्येक खेळाला एक कायमचा पर्याय द्या: फक्त मैदानाचा आवाज. दम, खो, यष्ट्यांची खडखड, गर्दीची गर्जना. यासाठी नवे काही उभारायला नको. मैदानात माईक लावलेलेच आहेत.