मदत थांबते त्या दिवशी

मार्च २०२४ मध्ये ओईसीडीच्या, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या, विकास साहाय्य समितीने माध्यमांना मदत कशी करावी याची सहा तत्त्वं मान्य केली. मदतीतून कुणाचं नुकसान होऊ देऊ नका, हे पहिलं. पैसा वाढवा, हे दुसरं. मग एकूण माहितीव्यवस्थेचा विचार, स्थानिकांचं नेतृत्व, देणाऱ्यांमधला समन्वय, संशोधन. वाचायला छान आहे. माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती समजून घ्यायला म्यानमारकडे बघू या.

तिथली निर्वासित पत्रकारिता बऱ्याच अंशी मदतीवरच उभी राहिली. ‘डेमोक्रॅटिक व्हॉइस ऑफ बर्मा’ १९९२ मध्ये ऑस्लोतून रेडिओवर सुरू झाली, नॉर्वेच्या आधाराने. २००७ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या भिक्खूंची दृश्यं जगाने पाहिली, ती बरीचशी त्यांच्या लपवलेल्या कॅमेऱ्यांमुळे. ‘मिझिमा’ तर १९९८ मध्ये आपल्या दिल्लीत निघाली! बाहेरचा पैसा घेतला की पत्रकार विकला गेला, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. मार्चमध्ये या दोघांसह पाच माध्यमांचे परवाने रद्द झाले. अशांना ‘स्वावलंबी व्हा’ म्हणायचं? अहो, कसं? बंदी असलेल्याला जाहिरात कोण देणार? वर्गणी भरायला गेलेला वाचकच अडकायचा.

मग २० जानेवारी २०२५. ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी नवी परदेशी मदत ९० दिवस रोखण्याचा आदेश काढला. काही दिवसांत चालू कामंही थांबली, पुढे यूएसएड मोडीतच निघाली. म्यानमारच्या निर्वासित माध्यमांनाही त्याची झळ बसली.

तर माझी तक्रार अशी. सहाही तत्त्वं द्यावं कसं याची आहेत. हात काढून घेताना कसं वागावं, याचं स्वतंत्र तत्त्व एकही नाही. आपण भाडेकरूलासुद्धा नोटीस देतो हो! संपादक परदेशात असतो, पण बातमी पाठवणारा आत, नाव लपवून बसलेला असतो. त्याचं मानधन थांबलं म्हणून त्याच्यामागचे पोलीस थांबत नाहीत. नोटिशीची ठरलेली मुदत, राखीव निधी, आणि आतल्या बातमीदाराला सुरक्षित जागी पोहोचेपर्यंतचा खर्च, हे करारातच लिहिलेलं हवं. ‘नुकसान होऊ देऊ नका’ याच्या खाली, पहिल्या ओळीत.