घराचा चेहरा

पुस्तकांवर टीका लिहिणाऱ्याने घरांवर लिहू नये असा काही दंडक नाही. घराची दर्शनी भिंत हीही एक रचनाच असते. ती रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला वाचावी लागते, आणि आवडली नाही तरी पुस्तकासारखी मिटून ठेवता येत नाही. म्हणूनच मुळशी, कर्जत, अलिबाग या बाजूंना दगडालाकडाची ‘गावरान’ घरे उठवण्याची जी हौस अलीकडे शहरवासीयांत दिसते, तिची थोडी चिकित्सा करावी असे मनात आले.

हौस वाईट नव्हे. सगळे आयुष्य सिमेंटच्या चौकोनात गेलेल्या माणसाला काळ्या दगडाची आणि सागवानाची ओढ वाटावी, यात नवल ते काय? पण प्रत्यक्षात उभे राहते ते निराळेच. आत विटांची नाहीतर सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत असते आणि तिच्यावर बोटभर जाडीच्या दगडी चकत्या चिकटवलेल्या असतात. छपराखाली तुळयांची टोके ओळीने डोकावतात. जवळ जाऊन पाहावे तर मागे तुळईच नाही, नुसते टोक भिंतीला ठोकलेले! वर्गातील काही मुले निबंधात पाठ केलेली सुभाषिते अशीच डकवतात. सुभाषित चांगले असते, अक्षरही वळणदार असते. पण मागच्यापुढच्या वाक्याशी त्याचे काही नाते नसते, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळते.

नक्कल केली म्हणून मी रागावलो आहे असे नव्हे. नक्कल करीतच सगळे शिकतात. पण जुन्या घराचे रूप ज्या कामातून आले, ते काम टाकून रूप तेवढे उचलले, ही माझी तक्रार आहे.

कोकणातले घर पाहा. तिथला जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे सहज निघतात. वाऱ्यावर पडला की तो कठीण होतो. पण तो सच्छिद्र, पाणी पिणारा दगड, आणि पाऊस म्हणाल तर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर. म्हणून छप्पर भिंतीच्या बरेच पुढे आले, पडवीवर इतके खाली उतरले की उंच पाहुण्याला वाकूनच आत यावे लागे. पागोळ्या जोत्यापासून दूर पडाव्यात, एवढाच त्यातला हेतू. आपल्याला जी त्या घराची विनम्र, सावलीत बसलेली मुद्रा वाटते, ती पावसाने घडवलेली आहे. आता तोच जांभा घेतात, वर सपाट स्लॅब टाकतात आणि तिची कड वीतभर बाहेर काढतात. दुसऱ्या पावसाळ्यातच भिंतीवर हिरवे शेवाळ धरते. मग त्यावर चकचकीत रोगण फासतात, आणि चिरा पाकातून काढल्यासारखा दिसू लागतो. तो चिरा पाहून मला खरोखर वाईट वाटते.

देशावरच्या वाड्याची गोष्ट थोडी वेगळी. खाली घडीव दगडाचे जोते, वर विटा किंवा माती, आणि सारा भार लाकडी खांब-तुळयांवर. प्रत्येक खांबाच्या पायाशी दगडी तळखडा, म्हणजे ओल आणि वाळवी लाकडापर्यंत पोचू नये. पुण्याच्या शनिवारवाड्यात १८२८ च्या आगीत लाकडी इमले जळून गेले; आज उरले आहेत ते दगडी जोते आणि तट. दगड कुठे संपला आणि लाकूड कुठे सुरू झाले, ही सीमारेषा जुन्या दर्शनी भागात स्पष्ट वाचता येते, कारण ती ओल कुठवर चढेल याची रेषा असते. नव्या घरांत दगड वरच्या मजल्यावर आणि लाकूड थेट चिखलात, असाही प्रकार मी पाहिला आहे!

आणि दारालगतच्या देवळ्या? दिवाळीत पणती ठेवायला दाराच्या दोन्ही बाजूंना त्या लागतातच. पण देवळी भिंतीच्या जाडीतून कोरावी लागते. हात-दीड हात रुंदीच्या भिंतीत ती आपोआप बसते आणि पणतीला वारा लागत नाही. चकती चिकटवलेल्या भिंतीला जाडीच नाही, तेव्हा लोखंडी कंस ठोकून त्यावर विजेची पणती बसवतात.

कोणी म्हणेल, हे सगळे शोभेचे वाद. चार पैसे असणाऱ्यांनी काय चिकटवावे ते चिकटवू द्या. तसे असते तर हा लेख मी लिहिला नसता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडच्या गावांत हजारो माणसे झोपेतच गेली. ती घरे दगडाचीच होती. बाहेरून पाहिले तर भिंत भरभक्कम, दोन हात रुंद. पण ती एक भिंत नव्हतीच! बाहेरची एक दगडी फळी, आतली दुसरी, आणि मध्ये मातीत घातलेले लहानमोठे दगडगोटे. दोन्ही फळ्यांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड बहुधा घातलेलेच नव्हते. हादरा बसताच फळ्या एकमेकींपासून सुटल्या, दगड ढासळले, आणि जिथे छताचा आधार गेला तिथे धाब्यावरची फूट-दोन फूट माती खाली आली. कित्येक ठिकाणी घरातला लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा मात्र उभा राहिलेला दिसला. त्यानंतर लोकांनी दगडाचाच धसका घेतला, आणि तो समजण्यासारखा आहे. पण दोष दगडाचा नव्हता. बाहेरचा चेहरा आतल्या अंगाशी बांधलेला नव्हता, हा तो दोष होता.

हिमाचल प्रदेशातल्या डोंगरी गावांत हीच बांधणी उघड्यावर मांडलेली दिसते. काठ-कुणी म्हणतात तिला. देवदाराच्या जोड तुळया भिंतीत आडव्या घालायच्या, वर दगडाचा थर रचायचा, पुन्हा तुळया; कोपऱ्यावर तुळया एकमेकींत अडकवायच्या आणि भिंतीच्या रुंदीत लाकडी आडबंध द्यायचे. दगड चुन्याशिवायच रचलेले. कुलूच्या खोऱ्यात नग्गरचा जुना गढीवजा वाडा असाच बांधलेला आहे. दूरून त्या भिंतीवर गडद आणि फिकट पट्टे दिसतात, आणि प्रवासी त्यांचे फोटो काढतात. ते पट्टे शोभेसाठी नाहीत. त्यांनीच भिंत जागच्या जागी धरलेली आहे.

याचा अर्थ नक्षीला मी विरोध करतो असा कोणी काढू नये. दुसऱ्या बाजीरावाचा पुण्यातला विश्रामबागवाडा १८०७ चा; त्याच्या दर्शनी लाकडावर कोरीवकाम काही थोडेथोडके नाही. पण तिथले सुरूच्या आकाराचे खांब कोरलेले असले तरी खांबच आहेत. आधी काम, मग अलंकार. अलंकार डोईजड झाला आहे का, यावर मग हवा तेवढा वाद घालावा. माझ्या मते तिथे किंचित झाला आहे.

मग आज हौस असलेल्याने काय करावे? देवदार तर सोडाच, सागवानही सर्वांच्या आवाक्यात नाही, आणि सिमेंट टाळा असे सांगणे वेडेपणाचे होईल. पण सिमेंटला लपवावे तरी का? दगडाची भिंत खरोखरच दगडाची बांधावी, थोडी का असेना. दर दोन फुटांच्या उंचीवर आरपार दगड घालावेत आणि त्यांची टोके बाहेर दिसू द्यावीत. दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून सळया घातलेला सिमेंटचा पट्टा घरभर फिरवावा. किल्लारीनंतर अभियंते हेच तर सांगत आले आहेत. तो पट्टा चकत्यांखाली झाकू नये. काळ्या दगडावर करड्या रंगाची ती सरळ रेघ चांगली दिसते, आणि नग्गरच्या लाकडी पट्ट्याचे ती नातेच सांगते. एवढी भिंत परवडत नसेल तर जोते तेवढे दगडाचे करावे आणि वर साधी चुन्याची सफेदी द्यावी. लाकूड थोडेच घ्यावे. पण ज्या खांबावर पडवी उभी आहे तो खांब लाकडाचा असावा, आणि त्याच्याखाली तळखडा असावा. छपराची वळचण मात्र हातभर तरी पुढे काढावी. गवंडी स्लॅबचा खर्च वाढतो म्हणून कुरकुर करील. करू द्यावी, आणि तेवढा भाग कौलारू करून घ्यावा.