वाघ-बकरी : विषम बाजूंच्या समतोलाचा प्रश्न

बुद्धिबळात दोन्ही सैन्ये सारखी असतात. पहिली खेळी कोणाची, एवढाच काय तो भेद. वाघ-बकरी हा पारंपरिक पटखेळ मात्र विषमतेवरच उभा आहे. संख्या, चाल आणि विजयाची अट या तिन्ही बाबतींत बाजू भिन्न असल्याने त्यातील समतोल नेमका कशावर टिकतो, हा समीक्षेचा विषय ठरतो.

महाराष्ट्रात लेण्यांच्या व देवळांच्या फरशीवर खेळांचे पट कोरलेले आढळतात. त्यांवरून लोकप्रियता कळते, नियम कळत नाहीत. म्हणून नेपाळात बाघचाल या नावाने परिचित असलेला 25 बिंदूंचा प्रकार प्रस्तुत विवेचनासाठी आधारभूत मानला आहे. चार कोपऱ्यांत 4 वाघ असतात. बकऱ्या 20, त्या एकेक करून पटावर येतात आणि सर्व येईपर्यंत एकीलाही हलता येत नाही. शेजारच्या बकरीवरून सरळ रेषेत मोकळ्या बिंदूवर उडी घेऊन वाघ तिला मारतो. 5 बकऱ्या मारल्या की वाघांचा विजय. चारही वाघ कोंडले की बकऱ्यांचा.

एका वाघास पाच बकऱ्या, असे हे प्रमाण आहे. तमिळनाडूतील आडु पुलि आट्टम या 23 बिंदूंच्या खेळातही 3 वाघांस 15 बकऱ्या, म्हणजे तेच प्रमाण दिसते. तथापि एकही बकरी न गमावता सर्व बकऱ्या मांडल्या गेल्या, तर पहिल्या पटावर 1 बिंदू मोकळा उरतो, दुसऱ्यावर 5. उडीस मोकळा बिंदू लागतोच. पारडे झुकते ते रिकाम्या जागेमुळे, केवळ संख्येमुळे नव्हे. मेलेली बकरी म्हणूनच दुहेरी हानी करते : एक सोंगटी जाते आणि वाघास जागा मिळते.

लिम यू जिन व युर्ग नीव्हरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात, दोन्ही बाजू निर्दोष खेळल्यास बाघचालीचा डाव बरोबरीत सुटतो, असे दाखविले. हा निष्कर्ष मोलाचा आहे. परंतु त्यावरून खेळ माणसांसाठीही समतोल आहे असे म्हणणे घाईचे होईल. पहिली बकरी ठेवण्यास 21 बिंदू मोकळे असतात. त्यांपैकी 12 बिंदूंवर ती ठेवल्यास वाघ पुढच्याच खेळीत तिला मारू शकतो. वाघाची चुकलेली चाल बहुधा मागे फिरून सावरता येते. मांडलेली बकरी मात्र जागची हलत नाही. निर्दोष खेळाचे ओझे असे एकाच बाजूवर अधिक पडते, आणि नवशिक्याच्या हाती बकऱ्या आल्या की डाव लवकर आटोपतो. (घरोघरी धाकट्यांच्या वाट्याला बहुधा बकऱ्याच येतात!)

यावर बकऱ्यांची संख्या वाढविणे हा उपाय नव्हे, कारण 24 बिंदू आधीच भरतात. नवख्यासाठी 5 ऐवजी 7 बकऱ्या मारण्याची अट ठेवणे, किंवा बाजू बदलून दोन डाव खेळून मारलेल्या बकऱ्यांची तुलना करणे अधिक योग्य ठरेल.