परिचर्येतील सद्गुण आणि सहकार्य : एक भाषिक विचार

नीतिशास्त्राचे अभ्यासक आणि परिचर्याशास्त्राचे अध्यापक यांनी एकत्र येऊन रुग्णसेवेतील सद्गुणांचा विचार करावा, ही विद्यापीठीय संशोधनातील स्वागतार्ह प्रवृत्ती होय. परंतु हे संशोधन मराठीत मांडताना योजिलेले शब्दच विचाराला अडवीत नाहीत ना, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम ‘सद्गुण’ हा शब्द घेऊ. अ‍ॅरिस्टॉटलचा ‘अरेते’ डोळ्याला व घोड्यालाही लागू पडतो. आपले कार्य उत्तम करण्याची क्षमता हा त्याचा अर्थ. मराठी ‘सद्गुण’ मात्र शीलापुरता मर्यादित आहे. त्यामुळे ‘निपुण परिचारिका’ आणि ‘सद्गुणी परिचारिका’ ही दोन भिन्न विधाने ठरतात. उलट चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, उपस्थात्याचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. येथे ज्ञान आणि जिव्हाळा एकाच पंक्तीत बसतात. ‘अरेते’ला हा ‘गुण’ अधिक जवळचा आहे.

दुसरा प्रश्न सहकार्याचा. वैद्य, द्रव्य, उपस्थाता व रोगी या चिकित्सेच्या चार ‘पादां’ना आपण सर्रास ‘आधारस्तंभ’ म्हणतो. रोहे तालुक्यातील खांब या गावाच्या नावाशी एकरूप असलेला ‘खांब’ हा शब्द ‘स्कम्भ’पासून आलेला आहे. खांब आपापल्या जागी उभा राहून आपल्या वाट्याचा भार पेलतो; पाय मात्र चालताना एकमेकांचा भार घेतात. रूपक बदलले की सहकार्याचा अर्थही बदलतो.

अर्थात चरकही निर्दोष नाही. वैद्याचे प्राधान्य सांगताना तो कुंभाराचा दृष्टान्त देतो. उरलेले तीन पाद माती, दंड, चक्र यांच्या जागी जातात. परंतु चक्राला अनुराग नसतो. ज्याच्याकडून गुणांची अपेक्षा करावयाची, त्यालाच उपकरण मानणे हा अंतर्विरोध होय. आणि आज्ञापालनालाच सहकार्य म्हणण्याच्या प्रघातात तो अद्यापि टिकून आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अत्याचार झाला. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा मानला. या सेवेचे वर्णन बहुधा ‘माया’ या शब्दाने केले जाते. परंतु इतका दीर्घकाळ अंथरुणास खिळूनही शय्याव्रण नसणे, हे केवळ मायेने साधत नाही. वेळच्या वेळी कूस बदलणे, त्वचेची पारख, एका पाळीने दुसरीस दिलेली नेमकी माहिती यांचे ते फळ आहे. हा गुण एका व्यक्तीचा नसून परंपरेने हस्तांतरित झालेल्या कर्माचा आहे.

केवळ अनुरागाची स्तुती करणारी भाषा परिचारिकेचे ज्ञान झाकते, आणि ज्याचे ज्ञान दिसत नाही त्याचे मत कोणी विचारीत नाही. म्हणून या संशोधनाने आपली परिभाषा प्रथम तपासावी, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.