चिमणी की कपाट?

पर्यावरणाच्या अभ्यासाकडे माणसे कशी वळतात, असे विचारले की सलीम अलींची चिमणी हमखास सांगितली जाते. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या या रानचिमणीवरूनच त्यांच्या आत्मचरित्राला (१९८५) 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे नाव मिळाले.

मूळ पुस्तक वाचताना मात्र वेगळेच जाणवते. चिमण्या मारणारी मुले पुष्कळ असतात. या मुलाला मारलेला पक्षी घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवणारा मामा होता. तेथे सचिव मिलार्ड यांनी पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली, पुस्तके दिली. ओढ लागली ती तेथे! आपण गोष्ट सांगताना हे कपाट गळते आणि उरतो पश्चात्ताप. पुस्तकात तो फारसा नाही. अभ्यासासाठी पुढेही पक्षी टिपल्याचे लेखक मोकळेपणाने सांगतो.

किहीमचे प्रकरण मला अधिक मोलाचे वाटते. जर्मनीहून परतल्यावर संग्रहालयातली नोकरी उरली नव्हती. १९३० मध्ये अलिबागजवळच्या या गावी त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर पाळत ठेवली. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन पारखते, पसंत पडले तरच ते पुरे होते. मग नर दुसरे घरटे विणायला घेतो. (नाव 'सुगरण', पण विणकाम नराचे!) हे कळायला शिडी, आडोसा आणि भरपूर सवड लागली.

माझी तक्रार या सवडीविषयी आहे. तय्यबजींसारख्या घराण्याचा आधार लेखक लपवत नाही, पण आवड किती आणि आधार किती, हा हिशेब तो मांडत नाही. हिवरा आश्रमच्या बारावीतल्या मुलीला घरचे विचारणार, "यात पोट भरेल का?" प्रश्न रास्त आहे. त्यावर चिमणीची गोष्ट हे उत्तर नव्हे.

तिच्याच जिल्ह्यात लोणार आहे. २०२० च्या जूनमध्ये तेथले पाणी गुलाबी झाले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासणी होऊन क्षारप्रिय सूक्ष्मजीव हे कारण पुढे आले. हे काम पगारी शास्त्रज्ञांचे होते. सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र शिकलेल्यांचे. त्या वेळी गुलाबी पाण्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्या सूक्ष्मजीवांची एखादी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली किती शाळांतल्या मुलांनी पाहिली असेल?