दिरहम आणि ‘रिसाला’ : एक पुनर्वाचन

स्वीडनच्या गॉटलंड बेटावर स्पिलिंग्ज येथील शेतात १९९९ साली सुमारे ६७ किलो चांदी सापडली. तिच्यात कड्यांबरोबर १४,२९५ नाणी होती आणि त्यांतील बहुतेक अरबी लिपीतील दिरहम होते. हा ठेवा नवव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरलेला आहे. अशा शोधाविषयी लिहिताना आपला सूर सहज अभिमानाचा होतो : कलिमा कोरलेले नाणे पोहोचले, म्हणजे आपली संस्कृतीही तेथवर पोहोचली. हे वाचन मला अपुरे वाटते.

सुमारे अर्धशतकानंतर, इ. स. ९२१ मध्ये, खलिफा अल्-मुक्तदिरच्या शिष्टमंडळासोबत इब्न फदलान बगदादहून व्होल्गाकाठी निघाला. त्याच्या ‘रिसाला’मध्ये उत्तरेकडील रूस व्यापाऱ्यांचे जे वर्णन आहे, ते या नाण्यांवरील उत्तम भाष्य ठरते. त्यांच्यात पतीजवळ दहा हजार दिरहम जमले की पत्नीच्या गळ्यात एक कडे येई, वीस हजार झाले की दोन. म्हणजे दिरहम ही तेथे मोजण्याची, वितळवण्याची, अंगावर मिरवण्याची चांदी होती. स्कँडिनेव्हियातील ठेव्यांमध्ये सापडणारे दिरहमांचे तुकडे आणि कस पाहण्यासाठी पाडलेल्या खाचा हेच सांगतात. तेथे अक्षरापेक्षा वजनाला किंमत होती.

याला एक बोलका अपवाद स्पिलिंग्जमध्येच आहे. खजरांच्या प्रदेशात इ. स. ८३७-३८ च्या सुमारास पाडलेल्या एका नाण्यावर ‘मूसा रसूलुल्लाह’ असे कोरले आहे. अरबी घडण तशीच ठेवून मजकूर मात्र जाणीवपूर्वक बदललेला आहे. तो बदलणाऱ्याला अक्षराचे मोल ठाऊक होते.

‘रिसाला’तील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग रूस व्यापाऱ्याच्या प्रार्थनेचा आहे. लाकडी मूर्तीपुढे तो आणलेल्या मालाची गणती करतो : इतक्या दासी, इतकी सेबलची कातडी. मग पुष्कळ दीनार-दिरहम असलेला, घासाघीस न करणारा गिऱ्हाईक मागतो. इब्न फदलान रूसांच्या अस्वच्छतेवर कठोर लिहितो. या विक्रीवर मात्र एक शब्दही नाही. त्याच्या निरीक्षणाचे सामर्थ्य आणि त्याच्या दृष्टीची मर्यादा येथे एकत्र दिसतात.

म्हणून वर्गात दिरहम दाखवताना टाकसाळीचे नाव आणि हिजरी सन वाचून थांबू नये. त्या चांदीच्या मोबदल्यात कोण विकले गेले, हाही प्रश्न विचारावा. दिरहमावर त्याचे उत्तर नाही. ‘रिसाला’त ते एका ओळीत आहे.