घडणावळ

पाइप ओढणाऱ्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून एक भीतियुक्त आदर वाटत आला आहे. विडीवाल्याचं काम सोपं. काडी ओढली, दोन झुरके मारले, मोकळा. पाइपवाला आधी पाइप ठोकणार, मग कोरणार, मग भरणार, मग अंगठ्याने दाबणार, मग तीन काड्या फुकट घालवणार; आणि एवढं होईपर्यंत समोरच्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची गरजच संपलेली असते. जुन्या काळी मोठ्या हुद्द्यावरच्या साहेबांच्या तोंडात पाइप का असायचा, याचा उलगडा मला बँकेत लागल्यावर झाला. आमच्याकडे तेच काम फाइल करते.

मी स्वतः बडीशेपेच्या पलीकडे गेलेलो नाही. मग पाइपचं परीक्षण करायचा तुम्हाला अधिकार काय, असं कुणी विचारील. माझा अधिकार सोनेतारणाच्या टेबलाचा आहे. त्या टेबलावर आठ वर्षं काढली. तिथला नियम असा, की दागिना कितीही सुबक असो, घडणावळ धरायची नाही. सोन्याचं वजन घ्यायचं, कस बघायचा, खडे आणि लाख वजा करायची. नक्षीचं कौतुक करायचं असेल तर ते पावती लिहून झाल्यावर, तेही मनातल्या मनात.

या नियमाची पंचाईत केली आमच्या साडूंनी. साडू कोपनहेगनला असतात. गेल्या दिवाळीत आले तेव्हा लोकरी मोज्यात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मला तो मासाच वाटला. एका बाजूने पोट सुटलेला, अंगाभोवती धारेसारखी कड फिरलेली, शेपटीकडे निमुळता होत गेलेला आणि शेपटीतून काळी दांडी बाहेर आलेला.

"ब्लोफिश," साडू म्हणाले. "फुगणारा मासा असतो ना, त्यावरून आकाराचं नाव. पाइप आहे हो. हातानं केलेला."

आता विचित्र आकारांशी आपला परिचय नाही असं नाही. चौकाचौकांत ते उभे असतात, आणि उद्घाटनाआधी कापड घातलेलं असतं तेव्हा उत्तम दिसतात. तिथे अमुक ठिकाणी फुगवटा का, असं विचारण्याची सोय नसते. या माशाला मात्र ते विचारता येतं, आणि उत्तरही मिळतं.

त्यासाठी लाकडापासून सुरुवात करायला हवी. भूमध्य समुद्राकाठी एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप उगवतं. खोड आणि मुळं जिथे मिळतात तिथे जमिनीत त्याला एक गाठ धरते. ही गाठ म्हणजे ब्रायर. ती खणायची, कापायची, तासन् तास उकळायची आणि महिनोन् महिने वाळत ठेवायची. हे लाकूड विस्तवाला सहजी दाद देत नाही, म्हणून ते पाइपाला चालतं. गाठीतले तंतू आतून बाहेर पसरत गेलेले असतात. त्यांच्या लांबीने कापलं तर रेघा दिसतात. आडवं छेदलं तर तंतूंची टोकं दिसतात, नुसते बारीक ठिपके. पाइपवाले त्यांना पक्ष्याचे डोळे म्हणतात.

कारखान्यातली रीत अशी, की आधी यंत्रावर आकार काढायचा आणि मग भोकं पाडायची. ती रीत उलटी केली सिक्स्टन इव्हार्सन (१९१०-२००१) यांनी. मूळचे स्वीडनचे. कोपनहेगनमध्ये मोडके पाइप दुरुस्त करता करता ते स्वतःच घडवायला लागले. ते आधी भोकं पाडत. तंबाखूची जागा ठरली, धुराची वाट ठरली, की मग उरलेल्या लाकडातल्या रेघा जिकडे जातील तिकडे आकार न्यायचा. याच वाटेने त्यांचा मुलगा लार्स (१९४४-२०१८) ब्लोफिशपर्यंत पोचला. पुढे नात नानाही याच धंद्यात आली.

साडूंचा पाइप लार्सचा नव्हे. असता तर मोज्यात आला नसता. कुणा कमी नावाच्या कारागिराचा आहे, पण पठ्ठ्याने धडा नीट गिरवला आहे. दोन्ही गालांवर डोळेच डोळे, आणि गाल जिथे भेटतात त्या कडेवर रेघा. पोट एकीकडे जास्त सुटलं आहे, कारण रेघा तिकडे कललेल्या आहेत. साडूंनी लोकर गुंडाळलेली तार दिली, ती मी दांडीतून घातली. ती कुठे न अडखळता भांड्याच्या बरोबर तळाशी निघाली. भोक जरा वर पडलं, तर तळची तंबाखू ओली राहून नुसती गुरगुरते म्हणे. कडेजवळ मोहरीएवढा एक खड्डा आहे, लाकडातला मूळचाच. स्वस्त पाइपात तिथे लांबी भरून वर गडद रंग मारतात. इथे खड्डा उघडा ठेवला आहे. खोट तोंडावर सांगणारा कर्जदार आम्हाला कुठे भेटतो!

दोष आहे तो डाव्या गालावर. शेपटीजवळ कड जरा जास्तच वळवली आहे. वळण झोकदार आहे, पण रेघांना तिकडे जायचं नव्हतं, त्यामुळे तिथले डोळे तिरळे झाले आहेत. तेवढ्या बोटभर जागेत कारागिराने लाकडाचं न ऐकता आपलं खरं केलं, आणि ती जागा बाकीच्या पाइपापासून फटकून राहते. शिवाय वस्तू जड आहे. दातांत धरून पेपर वाचायचा तर आधी दंतवैद्याला विचारावं.

दंतवैद्याचं नाव मी थट्टेत घेतलं. साडू हसले नाहीत. मी पाइपच्या आत डोकावलो. वरच्या भागात काजळी होती, तळाशी लाकूड जवळजवळ कोरं.

सहा वर्षांपूर्वी पाइप घेतला आणि महिन्याभरातच दंतवैद्याला त्यांच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला. तुकडा तपासायला गेला. निकाल यायला बारा दिवस लागले. निकाल चांगला आला, पण ते बारा दिवस साडू कुणाशी बोलले नाहीत, हे मला मेहुणीने स्वयंपाकघरात सांगितलं. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निर्धोक, अशी एक समजूत आहे. जिभेला आणि घशाला ती कुणी कळवलेली नसते.

आता परीक्षण करणाराने काय करावं? ज्या वस्तूत विस्तवाची सोय आधी आणि रूप नंतर, ती विस्तवाविना बघायची म्हणजे अर्धीच बघायची. आणि पेटवा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमच्याकडे नव्वद दिवस वसुली थकली की खातं अनुत्पादक होतं. हे सहा वर्षं थकलं आहे.

"काय हो बँकवाले," साडू म्हणाले, "तारण ठेवला तर काय द्याल?"

"लाकडाचे," मी म्हणालो. "घडणावळ धरत नाही आम्ही."

"मग नको," म्हणून त्यांनी तो काढून घेतला आणि शब्दकोडं पुढे ओढलं. पोट तळव्यात, कड अंगठ्याखाली. अंगठा जिथे फिरतो तिथलं लाकूड काळपट आणि गुळगुळीत झालं आहे. तिरळे डोळे तिथून फार लांब नाहीत. आठवडाभर साडू आमच्याकडे होते, आणि उभे-आडवे शब्द अडले की अंगठा त्या बाजूला सरकायचा.